गुणगुणायचं कडवं

६ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

फोन करायचा नाही, पत्रच लिहायचं, ही तुझी अट मला पाठ आहे. दिवसभर लोकांच्या कानात पीं-पीं वाजवून झालं की संध्याकाळी तुला स्वतःच्या कानाला काही लावावंसं वाटत नाही, हे मी आईलाही समजावलं. ती म्हणाली, "तुझी मावशी पहिल्यापासून तऱ्हेवाईकच."

नोकरी छान चालली आहे. तुझं कॉलेज तू सोडलंस तसंच असावं. एक इमारत, एक जिना, जिन्याखाली सायकली आणि माझ्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत कायम गळणारा एक नळ. मी सगळ्यांत नवी, त्यामुळे माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याचं सगळं काम बिनबोभाट माझ्या गळ्यात पडलं आहे.

मेळाव्याच्या रीती एकेक ऐकते आणि थक्क होते. म्हणे सगळ्यांत जुना विद्यार्थी घंटा वाजवतो. म्हणे प्रत्येकाने पूर्वी बसायचा त्याच बाकावर बसायचं. गुडघे दुखोत, पोटं अडकोत, बाक बदलायचा नाही. हे सगळं मी समजू शकते. पण परवा तालमीत मुलांनी कॉलेजचं गाणं म्हटलं आणि माझ्या डोक्याचा भुगा झाला. दोन कडवी झाली. तिसऱ्याला सगळ्यांनी तोंडं मिटली आणि नुसतं गुणगुणायला लागले. अख्खं कडवं, शब्द एकही नाही! मग शेवटचं कडवं पुन्हा शब्दांसकट. छापील कागदावर तर हे कडवं नाहीच, दुसऱ्यानंतर एकदम शेवटचं.

का, म्हणून विचारलं. पदार्थविज्ञानवाले म्हणाले, त्या कडव्यात सरकारवर टीका होती, म्हणून बंदी आली. हेडक्लार्क म्हणाले, गाणं लिहिणारे गणिताचे सर ते कडवं लिहितानाच वारले. (ते सर त्यानंतर कित्येक वर्षं शिकवत होते आणि निवृत्त होऊन गुलाब लावत होते, हेही त्यांनीच सांगितलं.) मुलींचं म्हणणं, तिसऱ्या कडव्याला डोळे मिटून ज्याचा विचार करावा तो आपला होतो. थोडक्यात, कुणालाच काही माहीत नाही.

तू तिथलीच. तुमच्या वेळी काय होतं? आणि तू मेळाव्याला एकदाही कशी गेली नाहीस?

तुझी भाची


१४ नोव्हेंबर

प्रिय चौकशीखाते,

पत्र पोचलं. लहानपणी तू घड्याळ उघडून आत कोण टिकटिक करतंय ते बघितलं होतंस, आणि ते घड्याळ पुन्हा कधी चाललं नाही, ते आठवलं.

इथे गर्दी आहे. थंडी पडली की लोकांना ऐकू येईनासं होतं की काय कोण जाणे. काल एक आजोबा आले. आवाजबंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं, म्हटलं आवाज आला की दाबा. मी अजून काही वाजवलंच नव्हतं आणि हे धडाधड बटण दाबतायत! सुनेसमोर आपल्याला सगळं ऐकू येतं हे दाखवायचं होतं. सुनेला बाहेर पाठवलं, मग खरं काय ते कळलं. माणसं ऐकण्यापेक्षा अंदाजावरच जास्त चालतात. मी रोज बघते.

गाण्याचं म्हणशील तर मला असलं कुठलं कडवं आठवत नाही. मेळाव्याला जायला सवड मिळाली नाही. तू प्रयोगशाळेतला नळ दुरुस्त करून घे, त्यात जास्त पुण्य आहे.

आईला सांग, स्वेटर पाठवते आहे. बाह्या लांब आहेत, दुमडून घाल म्हणावं.

तुझी मावशी


२४ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

नळाला माणूस येऊन गेला. आता जास्त गळतो.

तुला आठवत नाही म्हणतेस ते ठीक, पण इथे प्रकरण तापलं आहे. आमच्या नव्या प्राचार्याबाई शिस्तीच्या आहेत. यंदा मेळाव्यानंतर पुस्तिका छापायची आहे आणि तीत गाणं पूर्ण हवं. त्या म्हणाल्या, "पदवीधर माणसं मिटल्या तोंडाने हूं हूं करतात, हे बाहेरच्या पाहुण्यांना कसं दिसतं? जुने शब्द शोधा. नाही सापडले तर नवीन कडवं लिहून घ्या. गुणगुणणं बंद."

त्यावर सभेत बॉम्बच पडला. माजी विद्यार्थी संघाच्या अध्यक्षबाई आहेत. ड्रायव्हिंग स्कूल चालवायच्या. सगळं गाव त्यांना भोंगाताई म्हणतं आणि तसं तोंडावर म्हटलेलंही त्यांना आवडतं. त्यांचा आवाज असा की शिकणारा क्लच सोडून सरळ ब्रेक दाबत असे. त्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "तिसरं कडवं गुणगुणायचंच! ती येईपर्यंत त्यात कुणी शब्द घालायचे नाहीत!"

प्राचार्याबाईंनी विचारलं, "ती म्हणजे कोण?" भोंगाताई म्हणाल्या, "काय?" बाईंनी पुन्हा विचारलं. भोंगाताईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "असेल कुणीतरी." आणि निघून गेल्या.

मावशी, कोण असेल गं ही? तुझ्या आसपासच्याच वर्षाच्या आहेत त्या. ओळखायचीस का? प्राचार्याबाईंनी मला मेळाव्यापर्यंत मुदत दिली आहे. तोवर गुणगुणण्याचं कारण सापडलं, आणि ते त्यांना पटलं, तर ठीक. नाहीतर मराठीच्या सरांनी नवीन कडवं लिहायला घेतलंच आहे. त्यात 'क्षितिज' दोनदा येतं.

तुझी भाची


२८ नोव्हेंबर

चौकशीखाते,

घाईत लिहिते आहे.

प्राचार्याबाईंचं बरोबर आहे. घाला नवीन कडवं. क्षितिज दोनदा येऊ दे नाहीतर दहादा. एका मुलीची एकदा फजिती झाली, तर दर वर्षी हॉलभर माणसं जमवून तिची टर उडवायची, याला परंपरा म्हणत नाहीत. आणि ज्यांनी ती सुरू केली त्यांनीच आता टेबलं आपटावीत, हे तर फारच झालं.

तू यात नाक खुपसू नकोस. स्वेटर मिळाला का ते कळव.

मावशी


९ डिसेंबर

प्रिय मावशी,

स्वेटर मिळाला. आईने बाह्या दुमडल्या.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मुलीची फजिती झाली होती, हे मी तुला लिहिलं नव्हतं. मला तेव्हा ते माहीतच नव्हतं. इथे कुणालाच माहीत नाही. मग तुला कसं?

म्हणून मी भोंगाताईंकडे गेले. रागावशील, पण आधी वाच.

त्या आता गाडी शिकवत नाहीत. दारात ती जुनी गाडी उभी आहे, दोन ब्रेकवाली, वर कुंड्या ठेवल्या आहेत. मी घंटी वाजवून कंटाळले, शेवटी खिडकीतून हात हलवला तेव्हा दार उघडलं. मला स्वतःच्या उजव्या हाताला बसवलं आणि सारखी मान माझ्याकडे वळवून ऐकत होत्या. शिकवणं का सोडलं विचारलं तर म्हणाल्या, "मागच्याचा हॉर्न ऐकू येईना. एकदा थोडक्यात वाचलो. मग म्हटलं पुरे."

मी कडव्याचं विचारलं. आधी उडवून लावलं. मग चहा केला आणि मग आपणहून बोलायला लागल्या. शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"आमच्या शेवटच्या वर्षी गाणं पहिल्यांदा म्हटलं गेलं. एकटी म्हणणार होती माझी मैत्रीण. मैत्रीण कसली, आम्ही दोघी एका डब्यात जेवायचो. काय आवाज होता! मला गाणं कळत नाही, पण ती गायला लागली की माझ्यासुद्धा अंगावर काटा यायचा. तिसरं कडवं सरांनी त्याच दिवशी सकाळी तिच्या हातात ठेवलं. दोन कडवी झाली, तिसऱ्याला तोंड उघडलं आणि शब्दच नाहीत. सर पडद्याआड खडूसारखे पांढरे. ती स्टेजवर एकटी उभी. मला ते बघवेना गं. शब्द तर मलाही माहीत नव्हते. मग मी आपली चाल गुणगुणायला लागले, मोठ्याने. माझा सूर कसा आहे हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. दोन-चार जण फिस्कन हसले. मी म्हटलं, छान, हसा मला. सगळ्या माना तिच्याकडून माझ्याकडे वळल्या, मला तेच हवं होतं. मग सर गुणगुणले, मग सगळा हॉल. त्या आधारावर तिने शेवटचं कडवं पुरं केलं. पण तिने माझ्याकडे जे बघितलं ना, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही."

दुसऱ्या दिवशी त्या मैत्रिणीच्या घरी गेल्या. आईने सांगितलं, घरी नाही. आतल्या खोलीच्या दाराखालून पाय दिसत होते. असं बऱ्याचदा झालं. मग मैत्रीण गाव सोडून गेली.

"पुढच्या वर्षी गाणं म्हणायची वेळ आली. कुणी म्हणालं, दुसऱ्यावरून शेवटच्यावर जाऊ. मी म्हटलं, नाही. कडवं तिचं आहे. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी आपण धरून ठेवायची. ती येईल, म्हणेल. सरांकडे शब्द मागितले, तर म्हणाले, 'गुणगुणलेलंच बरं आहे.' मग तेच चालू राहिलं. आता पोरांना का ते माहीत नाही, पण जागा आहे ना अजून."

मी नाव विचारलं. नाही सांगितलं. म्हणाल्या, "तिला आवडायचं नाही. पण सांगते, गाण्याआधी ती डाव्या कानाची पाळी चिमटीत धरायची. लोकांना वाटायचं लकब आहे. भीती वाटली की धरायची."

मावशी, माझे बाबा गेल्याची बातमी द्यायला तू आमच्या दारात उभी होतीस, तेव्हा तुझा हात कुठे होता ते मला आठवतं आहे.

आईला विचारलं, मावशी गायची का? ती म्हणाली, "गायची की. मग बंद केलं. का ते आम्ही कुणी विचारलंच नाही."

मी विचारते आहे.

तुझी भाची


२ जानेवारी

प्रिय बाळ,

उशीर झाला. बरेच कागद फाडले.

हो, ती मी. आता ऐक.

त्या हॉलमध्ये मी उभी होते आणि डोकं धुतल्यासारखं कोरं झालं होतं. तेवढ्यात पहिला आवाज आला तो भोंग्याचा. तो आवाज मी हजारांत ओळखला असता. वाकडा, मोठा, भलत्याच सुरात. आणि पाठोपाठ हसणं. मला वाटलं, ही माझी नक्कल करते आहे. सगळ्या जगाने केली असती तरी चाललं असतं, पण हिने? पुढचं काय गायले ते मला आठवत नाही. दाराखालून दिसलेले पाय माझेच. ती बाहेर आईला म्हणत होती, "काकू, तिला एवढंच सांगा, मी आले होते." आणि मी आत दातांखाली पदर धरून बसले होते.

वर्षभराने रस्त्यात वर्गातली एक भेटली. म्हणाली, "यंदाही तुझं कडवं गुणगुणलं, काय मजा आली!" झालं. मग दर वर्षी मेळाव्याच्या सुमाराला तिकडे ते लोक मला हसत असणार, एवढंच डोक्यात. ज्या दिवसाची मला धास्ती वाटायची, त्या दिवशी ती तिथे माझी जागा धरून बसलेली असायची. हे वाचल्यापासून मी घरात काहीच धड केलेलं नाही. भात दोनदा करपला. मला फार वाईट वाटतं आहे, आणि त्याहून जास्त तिची आठवण येते आहे. तिच्यासारखं पुन्हा कुणी मला मिळालं नाही. लपवून काय करायचं?

आता कामाचं. तू लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं. उजव्या हाताला बसवलं. मान वळवली. घंटी ऐकू आली नाही. सभेत प्रश्न पुन्हा विचारावा लागला. अगं, वर्गातही ती कायम डाव्या भिंतीकडच्या बाकावर बसायची. मला वाटायचं खिडकीसाठी. तिचा डावा कान तेव्हाही काम करत नसणार, आणि उजवाही जेमतेमच! आम्ही तिला बेसूर ठरवून मोकळे झालो आणि तिला चाल कधी पुरती ऐकूच आलेली नव्हती. मी जन्मभर परक्या लोकांचे कान तपासले आणि शेजारी जेवायला बसणारीचा तपासला नाही.

मेळाव्याच्या दोन दिवस आधी येते. तपासणीचं सामान घेऊन येते. शांत खोली लागेल, तुझी ती गळक्या नळाची प्रयोगशाळा चालणार नाही. तिला आधी सांगू नकोस. सांगितलंस तर ती स्टेशनावर येऊन माझ्या नावाने ओरडेल, आणि ते मला झेपणार नाही.

प्राचार्याबाईंना सांग, कडव्याची मालकीण येते आहे. ती येईपर्यंत क्षितिज थांबवा.

तुझी मावशी


२० जानेवारी

प्रिय मावशी,

तू गेल्यापासून घर सुनं झालं आहे आणि कॉलेजात तुझ्याशिवाय दुसरा विषय नाही.

भोंगाताईंच्या दारात मी मागे थांबले होते, तुम्ही दोघी आत काय बोललात ते मी विचारणार नाही. (सांगितलंस तर ऐकेन.) एवढंच दिसलं की त्यांनी दार उघडलं, तुझ्याकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून आवाज फुटला नाही. तू तिथेच बॅग उघडून म्हणालीस, "आधी कान दाखव." मग दोघी रडायला लागलात आणि मी कुंड्यांना पाणी घालायला गेले.

पण मेळाव्यात काय झालं ते मला कळलंच पाहिजे. मी स्टेजवर मुलांच्या बाजूला होते, तुम्ही पहिल्या रांगेत, डाव्या भिंतीकडे. प्राचार्याबाईंनी मोठ्या मनाने जाहीर केलं की यंदा तिसरं कडवं शब्दांसकट ऐकायला मिळण्याची शक्यता आहे, आणि सगळा हॉल कान टवकारून बसला. पहिल्या कडव्याला भोंगाताई तू त्यांच्या कानात बसवलेल्या नव्या यंत्रावर हात ठेवून नुसत्या ऐकत होत्या. दुसऱ्याला त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिसरं आलं. तुझा हात कानाच्या पाळीकडे गेला. भोंगाताईंनी गुणगुणायला सुरुवात केली आणि मधेच थांबून त्या काहीतरी ओरडल्या, जवळचे सगळे हसले. तू त्यांना काहीतरी म्हणालीस. मग त्यांनी पुन्हा सुरू केलं आणि त्यानंतर जे झालं ते माझ्या डोक्यावरून गेलं. तुमचा बाक भलत्याच सुरात गेला, मग मागचा, मग सगळा हॉल! गाणं बसवणारे सर कपाळाला हात लावून उभे होते. म्हणतात, इतकी वर्षं निदान सुरात तरी होतं, यंदा काय झालं?

तर उत्तर दे. त्या काय ओरडल्या? तू काय म्हणालीस? आणि तुला शब्द आठवले नाहीत का? प्राचार्याबाई पुस्तिकेसाठी अजून थांबल्या आहेत. गुणगुणण्याचं कारण मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग राहू दे तसंच. पण शब्द माहीत असावेत, एवढंच."

तुझी भाची, चौकशीखाते


२७ जानेवारी

प्रिय चौकशीखाते,

भोंग्याचे तीन फोन येऊन गेले. हो, फोन. मी उचलते. तिला आता ऐकू येतं, पण ती बोलते अजून तशीच, त्यामुळे मी फोन टेबलावर ठेवून स्वयंपाक करते आणि सगळं नीट ऐकू येतं. सर्दी झाली आहे तिला, म्हणे यंत्रामुळे. मी म्हटलं, यंत्राने सर्दी होत नाही. तिला पटलेलं नाही.

आता तुझे प्रश्न.

शब्द. बाळ, शब्द मला स्टेजवरून उतरताना पायरीवरच आठवले होते, आणि तेव्हापासून एक दिवस विसरलेले नाहीत. फक्त तुझ्यासाठी लिहिते. आपल्या संस्थेला त्या वर्षी कुणीतरी पाण्याची टाकी दिली होती, आणि देणारे पाहुणे म्हणून येणार हे आदल्या दिवशी कळलं. वरून हुकूम आला, सरांना रात्रीत कडवं वाढवावं लागलं. ते असं:

गच्चीवरती उभी राहिली टाकी ही दात्याच्या नावे,
नळ उघडता विद्यार्थ्याने ऋण तयाचे नित स्मरावे.

पुढे आणखी दोन ओळी आहेत, त्यांत तोटीही येते. सर बिचारे गुणगुणलेलंच बरं का म्हणाले ते कळलं ना? आणि माझी शिक्षा बघ. जन्मभर नळ उघडला की ऋण तयाचे नित स्मरते आहे. टाकी दुसऱ्या वर्षीच गळायला लागली असं भोंगा सांगते. तुझ्या प्रयोगशाळेतल्या नळाचं कूळ तेच असणार.

प्राचार्याबाईंना सांग, मावशीला काही आठवत नाही. वय झालं म्हणावं.

भोंगा काय ओरडली? दुसरं कडवं संपताना माझा हात घट्ट धरून म्हणाली होती, "अगं, हे गाणं असं आहे होय?" मग तिसऱ्याला स्वतः सुरू केलं, आणि स्वतःचा आवाज पहिल्यांदाच तिच्या कानात शिरला. दचकलीच. "अगं बाई! मी अशी गाते? इतकी वर्षं? आणि कुणी मला बोललं नाही?" असं ओरडली ती. लोक हसले. तिचा चेहरा उतरला. यंत्र काढायला हात वर गेला.

मी तिचा हात खाली घेतला. म्हटलं, "माझ्याकडे बघ आणि गा."

ती बघत राहिली. मग पुन्हा गुणगुणायला लागली. वाकडं, मोठ्याने, भलत्याच सुरात. माझ्या गळ्यात शब्द तयार होते, टाकीपासून तोटीपर्यंत एकेक. चालही बरोबर ठाऊक होती. हॉल माझ्याकडे बघत होता.

मी तोंड मिटलं, माझा सूर सोडला आणि तिचा धरला.

तुझी मावशी